कष्ट कोणाच्या खात्यात जमा होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही केज तालुक्यातले. आईवडिलांनी वीसेक हंगाम ऊस तोडला. आम्ही दोघे भाऊ आजीजवळ गावात राहून शिकलो. मोठा आयटीआय करून सात वर्षांपासून चाकणला ठेकेदाराकडे कामाला आहे. मी संभाजीनगरला इंजिनिअरिंग केलं. आता अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळालाय, ४० लाख लागतील. वडील म्हणतात, गाव सोडून राबलं की दिवस पालटतातच. भाऊ म्हणतो, ते दिवस गेले, आता कितीही राबा, माणूस तिथंच राहतो. तुम्ही बँकेत जन्मभर कर्जं दिली आणि वसूल केली. दोघांत खरं कोण बोलतंय?"

दोघंही खोटं बोलत नाहीत. अंबाजोगाई, उदगीर, जालना, वाळूज अशा शाखांमध्ये माझी नोकरी गेली. आता निवृत्त असलो तरी लोक अजून फाईल घेऊन घरी येतात. कर्ज बुडालं म्हणून मी ज्या घरांच्या पायऱ्या चढलो त्यातली आळशी माणसांची घरं फार थोडी होती. आणि ज्यांचं भलं झालं ते इतरांपेक्षा दुप्पट राबत होते, असंही मला कधी दिसलं नाही. फरक दुसरीकडे होता. राबलेल्या दिवसाची मजुरी संध्याकाळी संपते. त्या मजुरीच्या पलीकडे तुमच्या नावावर काहीतरी साचत गेलं पाहिजे: हातातलं कसब, पीएफ, घरजागा, गिऱ्हाईक, नाहीतर लेकरांचं शिक्षण. ते साचत असेल तर आजही माणूस वर येतो. साचत नसेल तर तुमच्या भावाचं म्हणणं अक्षरशः खरं आहे.

तुमच्या घरापासूनच सुरुवात करू. कोयत्याचा हिशेब बीड जिल्ह्यात कोणाला सांगायला नको, पण तो कागदावर मांडणारे कमी. एक कोयता म्हणजे नवराबायको. दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरू. वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, चार पैसे बाईच्या भाजीपाल्याला जातात, ते सोडून देऊ. हंगाम पाच महिन्यांचा धरला तर त्यात कामाचे दिवस सव्वाशे. म्हणजे २५० टन. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. संघटनांनी बरंच भांडून ती वाढ मिळवली. तरी २५० टनांचे होतात साडेएक्क्याण्णव हजार. दोन माणसं, पाच महिने, पहाटे चारला उठून फडात. आणि दिवाळीआधी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, उचल, लाखाची असते. आजारपणाचा खाडा धरला, पावसानं आठ दिवस गाड्या अडकल्या, कारखान्याचा हंगाम लवकर बंद झाला, की फिरत नाही तेवढी बाकी पुढच्या हंगामावर चढते. तुमच्या आईवडिलांपेक्षा जास्त कष्ट महाराष्ट्रात कोणी केले असतील असं मला वाटत नाही. त्या कष्टांतून त्यांच्या नावावर पीएफ झाला नाही, ग्रॅच्युइटी झाली नाही, वीस हंगामांच्या अनुभवाचं कोणी एक प्रमाणपत्र दिलं नाही.

मग वडील "दिवस पालटतात" असं का म्हणतात? कारण त्यांच्या घरात ते पालटलेले त्यांनी पाहिलेत. एक लेक आयटीआय, एक इंजिनिअर. पण ते उसानं झालं नाही. तुम्ही सहज लिहून गेलात, "आजीजवळ राहून शिकलो". सगळं त्या एका ओळीत आहे. शेजारच्या घरातलं लेकरू आईबापाबरोबर फडावर गेलं, ऑक्टोबरला त्याची शाळा सुटली आणि मार्चपर्यंत पुन्हा लागली नाही. तुमची सुटली नाही. दोन्ही घरचे कष्ट सारखेच होते. तुमच्या घरी मागं राहणारं एक म्हातारं माणूस होतं. अलीकडे ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं सुरू झाली ती याच कारणासाठी. ज्या घरात आजी नाही त्यांना दुसरा कोण आधार?

अमेरिकेत जाणार आहात म्हणून तिकडचंही सांगतो. रॅन अब्रामित्झ्की आणि लिआ बुस्तान या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथल्या जुन्या जनगणनांच्या नोंदी जोडून शंभर-सव्वाशे वर्षांच्या स्थलांतरितांचा माग काढला. त्यांना आढळलं ते असं: बाहेरून आलेला माणूस स्वतः झटपट श्रीमंत झाला या गोष्टी बऱ्याच अंशी फुगवलेल्या आहेत. पण गरीब स्थलांतरितांची मुलं तिथल्याच गरिबांच्या मुलांपेक्षा वर जातात. पूर्वी जात होती, आजही जातात. एक कारण म्हणजे आलेली माणसं जिथं काम आणि संधी आहे अशाच गावी जाऊन राहतात. स्थानिक माणूस आपल्या मुलखाला धरून असतो. दुसरं, बापाची कुवत त्याच्या कमाईत दिसत नाही, कारण भाषा येत नाही, त्याच्या शिक्षणाला तिथं मान्यता नाही. मुलाला ती अडचण उरत नाही. केज तालुक्यात तुमच्या घरी नेमकं हेच घडलंय.

त्याच देशाची दुसरी बाजूही बघा. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी काढलेला आकडा आहे: १९४० साली जन्मलेल्या अमेरिकनांपैकी जवळपास ९० टक्के लोक तिशीत आपल्या आईबापांपेक्षा जास्त कमवत होते. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्यावर आलं. भारतात सॅम अ‍ॅशर, पॉल नोव्होसाद या अर्थतज्ज्ञांनी शिक्षणावरून असंच मोजलं. १९५० पासून १९८० च्या दशकापर्यंत जन्मलेल्यांत खालच्या घरातून वर चढण्याचं प्रमाण जवळजवळ जागच्या जागी आहे. दलितांचं वाढलं, मुस्लिमांचं घटलं. उदारीकरणानं देशाचा पैसा वाढवला, पण शिडी सगळ्यांसाठी सोपी केली नाही. तुमचा भाऊ हे न वाचताच सांगतोय.

आता त्याच्याबद्दल. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने आले. गंगापूर, पैठण, वैजापूरकडची दहावी-आयटीआय झालेली पोरं तिथं लागली. त्यातल्या कित्येकांची खाती मी सांभाळलीत. आज त्यांच्यातले बरेच जण सुखवस्तू आहेत: बजाजनगरात दोन मजले, खाली भाडेकरू, मुलगी डॉक्टर. विचारलं तर म्हणतात, "लई राबलो साहेब." राबलेच. पण दोन-तीन वर्षांत कायम झाले, युनियननं ठराविक मुदतीनं वेतनकरार करून घेतले, कामगारांच्या पतसंस्थेतून घरजागेला कर्ज मिळालं, आणि घेतलेली जागा वीस वर्षांत कितीतरी पटींनी वाढली. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात कमी बोललं जातं. मराठवाड्यातल्या त्या पिढीची निम्मी बरकत प्लॉटमधून आली असं माझं मत आहे. मत म्हणतोय, कुठल्या पाहणीचा आकडा नाही.

तुमचा भाऊ तेच मशीन चालवतो, कदाचित जास्त अवघड. पण तो कंपनीचा नाही, ठेकेदाराचा. ठेकेदार बदलला की जुनी नोकरी पुसली, नवी सुरू. बारा तासांची पाळी, वरच्या चार तासांना कायद्यानं दुप्पट दर हवा, हातात किती पडतो ते त्याला विचारा. मोशी-चाकणची खोली चौघांत, मेस, गावाकडं पाठवायचे पैसे. उरलेल्या पैशात प्लॉट हा शब्दही काढता येत नाही. चुलत्याच्या वयाच्या माणसानं त्याला "आम्ही बी असंच केलं, तू बी कर" असं सांगणं अन्यायाचं आहे.

तरी त्याच्या हातात काही गोष्टी आहेत. त्यातली मोठी म्हणजे पीएफ. त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३ हजार धरा. त्याचे १२ टक्के म्हणजे १,५६० रुपये, आणि मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळून उरलेले ३.६७ टक्के, साधारण ४७७ रुपये, असे महिन्याला दोन हजारांवर जमा होतात. सात वर्षं हाच पगार धरला आणि ८.२५ टक्के व्याज धरलं, तर आज त्याच्या खात्यात दोन लाख तीस हजारांच्या आसपास असायला हवेत. सुरुवातीचा पगार कमी होता, म्हणून दोन लाख म्हणू. तेवढे आहेत का, उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून बघायला सांगा. बहुतेक पोरांचं मी बघतो ते असं: प्रत्येक ठेकेदारानं नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक, तो एकच असायला हवा) काढलेला, जुने पैसे बहिणीच्या लग्नात नाहीतर मोबाइलच्या हप्त्यात काढून झालेले, आणि दोन-चार महिन्यांचा भरणाच नाही. पगारातून कापलेले पण भरलेले नाहीत असं दिसलं तर पीएफ कार्यालयात तक्रार होते, ठेकेदार पळाला तरी मूळ कंपनीवर जबाबदारी राहते. आणि मधे पेन्शनचे पैसे काढले नसतील तर दहा वर्षं भरल्यावर त्याचा पेन्शनचा हक्क पक्का होतो. सात झाली आहेत. आत्ता किरकोळ गरजेसाठी तो पैसा काढणं म्हणजे तीन वर्षांवर आलेला हक्क घालवणं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. नेमणूकपत्र देणं सगळ्यांना बंधनकारक झालं आणि ठराविक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. पण कंपनीनं मुदतीवर घेतलेला आणि ठेकेदारानं पुरवलेला हे दोन वेगळे कामगार. भाऊ कुठल्या रकान्यात आहे ते पत्र वाचल्याशिवाय कळणार नाही. पत्रच नसेल तर आधी ते मागायचं.

दुसरी गोष्ट कसबाची. सात वर्षं बटण दाबणारा ऑपरेटर आणि सात वर्षांत सेटिंग, प्रोग्रामिंग, टूल रूमचं काम शिकलेला माणूस, दोघांचे घामाचे तास सारखेच. पहिल्याला काढलं तर गेटवर पन्नास उभे असतात, दुसऱ्यासाठी ठेकेदार स्वतः फोन करतो. संभाजीनगरला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं असले कोर्स चालतात. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांनी येण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे भूमिपुत्रांना धडाधड नोकऱ्या लागतील असं मी म्हणणार नाही, तशा घोषणा पुष्कळ ऐकल्या. पण चाकणचा अनुभव आणि हातात टूल रूमचं काम असलेल्या माणसाला घरापासून तीन-चार तासांवर काम मिळण्याची शक्यता पाच वर्षांपूर्वीपेक्षा आज बरी आहे.

इथे एक आडवळण घेतो, कारण हा प्रश्न आला की आमच्याकडं लगेच कोणीतरी म्हणतं, "आमची पोरं चाकणला आणि इथं सगळे बिहारी." जालन्याच्या स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपाशी उत्तर प्रदेश-बिहारचीच माणसं दिसतात, आणि जालन्याचं पोरगं पुण्यात सिक्युरिटीत असतं. लातूरला फर्निचर, पीओपी, रंगकामात तेच. ते जास्त कष्टाळू आणि आपले आळशी, हे साफ खोटं. ऊसतोडीला निघालेला माणूस बघा आणि मग बोला. फरक मला कर्ज देताना दिसायचा. फर्निचरवाला माणूस हेल्पर म्हणून आला, भावकीतल्याच मिस्तरीकडं राहिला, त्याच्याकडं शिकला, तीन-चार वर्षांनी त्यानं स्वतःची कटिंग मशीन घेतली, आणि जुन्या मिस्तरीनंच त्याला पहिली दोन कामं दिली. मुद्रा कर्जाला तो आला तेव्हा गिऱ्हाइकांची नावं तोंडपाठ होती. आपलं पोरगं चाकणला गेलं तेव्हा त्याला ठेकेदाराचा नंबर देणारे दहा जण होते, काम शिकवणारा एकही नव्हता. बद्रीनारायण बारवाले हिंगोलीत जन्मले, जालन्यात वाढले, १९६४ साली तिथंच महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. दिल्लीत तयार झालेलं भेंडीचं सुधारित वाण त्यांनी जालन्याच्या शेतकऱ्यांकडून पिकवून घेतलं, पण बारवाले यायच्या आधी त्या मुलखात कष्टाळू शेतकरी नव्हते असं नाही. बियाणं कोणाच्या नावानं विकलं जातं, हा प्रश्न त्यांनी वेळेवर सोडवला.

स्पर्धा परीक्षेचं थोडक्यात सांगतो. पुण्यात पेठेत खोली करून सात-आठ वर्षं अभ्यास करणाऱ्यांइतके कष्ट कोणी करत नाही आणि निकाल लागला नाही तर त्यांच्याइतकं रिकाम्या हातानं कोणी परत येत नाही. म्हणून दोन प्रयत्नांनंतर शेजारी काहीतरी दुसरं सुरू केलेलं असावं.

आता तुमचे ४० लाख. नियम आधी समजून घ्या. सरकारी बँकेत साधारण साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं. काही नावाजलेल्या विद्यापीठांना त्यात सूट असते. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर बँकांना तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्यानं शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही. त्यामुळे सहा एकर असली तरी बँकेच्या दृष्टीनं तुमच्याकडे काही नाही. इथून माणसं दोन वाटांनी जातात. एक, विनातारण देणाऱ्या खासगी वित्त कंपन्या. त्यांचा दर जास्त आणि शिकत असतानाच व्याज भरायला लावतात. दुसरी, जमीन विकणं किंवा गावातल्या सावकाराकडं खरेदीखत करून देणं. दुसऱ्या वाटेनं गेलात तर यापुढचं वाचू नका. सावकाराला करून दिलेलं "नाममात्र" खरेदीखत परत फिरवताना लोकांची हयात गेलेली मी पाहिली आहे.

कर्ज मिळालं असं धरू. १०.५ टक्के दर, शिक्षणाची दोन वर्षं आणि वरचं एक वर्ष व्याज साचत जाणार. परतफेड सुरू होईल तेव्हा आकडा ५० लाखांच्या जवळ असेल. १२ वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण ६१ हजार. तिकडं इंजिनिअरची नोकरी लागली तर हा हप्ता जाणवणारही नाही, पाच वर्षांत कर्ज संपेल, गावात घर होईल. तशी घरं मी पाहिली आहेत, म्हणून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण नोकरी नाही लागली, किंवा लागून टिकली नाही, आणि परत येऊन हिंजवडीत ४० हजारांवर सुरुवात करावी लागली, तर हप्ता पगारापेक्षा मोठा.

आणि ती नोकरी तुमच्या कष्टांवर कितपत अवलंबून आहे? पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी दोन वर्षं. त्या तीन वर्षांत एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लागला पाहिजे. वर्षाला ८५ हजार जागा, अर्ज त्याच्या कितीतरी पट, निवड सोडतीनं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावणारा हुकूम निघाला. तिथंच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ती लागू नाही असा खुलासा नंतर आला. उद्या कोणता हुकूम निघेल ते तुमच्या अभ्यासावर ठरत नाही. त्यापुढं ग्रीन कार्ड, तिथं कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब. तोवर नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर निघा. तिथल्या जुन्या स्थलांतरितांच्या मुलांनी जी प्रगती केली ती राहायची खात्री असताना केली.

माझ्यापुढं तुमची फाईल आली असती तर मी तीन गोष्टी विचारल्या असत्या. विद्यापीठातून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या तुमच्याच शाखेच्या पाच जणांशी तुम्ही स्वतः बोललात का, एजंटनं जोडून दिलेल्यांशी नव्हे. दोन वर्षं इथंच नोकरी करून, अनुभव आणि पाच-सहा लाख घेऊन गेलात तर प्रवेश पुढं ढकलता येतो का. आणि फासे उलटे पडले तर ६१ हजारांचा हप्ता कोण भरणार.

तिसऱ्याचं उत्तर तुम्हाला अजून कोणी सांगितलं नसेल. वडिलांना पगार नाही, आईला नाही. बँक असो की खासगी कंपनी, सह-कर्जदार म्हणून ती पगारपत्रक असलेलं माणूस मागणार, आणि तुमच्या घरात ते एकट्या मोठ्या भावाकडे आहे. त्यानं सही केली की ५० लाखांचं कर्ज त्याच्या सिबिलमध्येही, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीतही, चढतं. तुम्ही एक हप्ता चुकवलात तरी डाग त्याला लागतो, आणि न चुकवलात तरी पुढची दहा-बारा वर्षं त्याला घरजागेसाठी, लेथ मशीनसाठी कर्ज मिळणं अवघड होतं. म्हणजे सात वर्षं राबून पीएफशिवाय त्याच्या नावावर जी एकुलती एक गोष्ट साचली आहे, ती पत, तुमच्या कामी खर्च होणार. तो नाही म्हणणार नाही. आईसमोर तर नाहीच नाही. म्हणून दिवाळीला सगळे जमल्यावर हा विषय काढू नका. त्याआधी एकदा चाकणला जा, वरचा हप्त्याचा आकडा त्याच्यापुढं ठेवा, आणि वडील ऐकायला नसताना त्याला विचारा.